हेल्मेट हँडलला, डोके उघडे

रायपूरच्या उत्तरेला उरला नावाची औद्योगिक वसाहत आहे. रोलिंग मिल, स्पंज आयर्न, लोखंडाच्या सळ्या आणि चोवीस तास ट्रक. माझे वडील याच भागात नोकरी करतात, म्हणून सुट्टीत घरी गेलो की हा रस्ता रोज दिसतो. पाळी सुटली की कामगार सायकली घेऊन बिरगावच्या दिशेने निघतात. त्यांतल्या पुष्कळांच्या हँडलला पिवळे हेल्मेट लटकत असते. फाटकाच्या आत ते डोक्यावर होते, कारण तिथे सुपरवायझर पाहत होता. बाहेर आल्यावर ते हँडलला गेले आणि डोके उघडे राहिले.

यावर हसण्याचा हक्क आपल्याला नाही. आपणही रविवारी आऊटिंगला सायकलवर उघड्या डोक्यानेच जातो. आपल्या हँडलला तर लटकवायलाही हेल्मेट नसते.

गेल्या सत्रात आमच्या डॉर्मिटरीत यावर जोरदार वाद झाला. एका मित्राचे म्हणणे असे, की सायकलचे हेल्मेट म्हणजे थर्माकोलचा डबा. टीव्हीच्या खोक्यात जे भरतात तेच डोक्यावर बांधायचे आणि स्वतःला सुरक्षित समजायचे. एक बुक्की मारली तर फुटेल, ते डोके काय वाचवणार? सगळे हसले आणि वाद त्याने जिंकला. मला मात्र वाटते की त्याचे अर्धे बरोबर आहे आणि अर्धे चूक, आणि चुकीचा अर्धा भाग जीवघेणा आहे.

बरोबर भाग असा, की ते खरोखरच थर्माकोल आहे. सायकलच्या हेल्मेटला वरून प्लॅस्टिकचे पातळ कवच असते आणि आत दोन-अडीच सेंटीमीटर जाडीचा थर्माकोलसारखाच, पण जास्त घट्ट फेस असतो. चुकीचा भाग असा, की तो फुटतो किंवा चेपतो हा त्याचा दोष नाही. चेपणे हेच त्याचे काम आहे.

नववीत शिकलेले गणित इथे उपयोगी पडते. सायकलवर बसलेल्या माणसाचे डोके जमिनीपासून साधारण दीड मीटर उंच असते. तेवढ्या उंचीवरून ते खाली आले तर जमिनीला टेकताना त्याचा वेग सेकंदाला सुमारे ५.४ मीटर, म्हणजे ताशी साडेएकोणीस किलोमीटर होतो. हा वेग शून्यावर यायलाच हवा. प्रश्न एवढाच, की तो किती अंतरात शून्यावर येतो. उघडे डोके सिमेंटवर आपटले तर थांबायला काही मिलिमीटर मिळतात. ते पाच मिलिमीटर धरू. दीड मीटरला पाच मिलिमीटरने भागा. उत्तर ३००. म्हणजे थांबताना डोक्यावर गुरुत्वाकर्षणाच्या सरासरी तीनशे पट मंदन येते. आता मध्ये हेल्मेट आहे आणि फेस दोन सेंटीमीटर चेपला असे धरा. दीड मीटर भागिले दोन सेंटीमीटर, उत्तर ७५. वेग तोच, डोके तेच, जमीन तीच. फक्त थांबण्याचे अंतर चौपट झाले आणि मार एक चतुर्थांश झाला.

उंच उडी मारल्यावर आपण गुडघे वाकवून का उतरतो? पॅराशूटवाले जवान जमिनीला पाय लागताच अंग सोडून का लोळतात? थांबण्याचे अंतर आणि वेळ वाढवण्यासाठीच. पायाला गुडघा आहे. कवटीला गुडघा नाही. तो बाहेरून बांधावा लागतो, त्यालाच हेल्मेट म्हणतात.

हे मी मनाने सांगत नाही. युरोपच्या मानकात सायकलचे हेल्मेट ताशी साडेएकोणीस किलोमीटर वेगाने सपाट लोखंडावर आपटून पाहतात, आणि आत बसवलेल्या धातूच्या डोक्याला २५० 'जी'पेक्षा जास्त धक्का बसला तर ते नापास होते. अमेरिकेत १९९९ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक सायकल-हेल्मेटला दोन मीटरवरून पाडण्याची परीक्षा द्यावी लागते आणि तिथे मर्यादा ३०० 'जी' आहे. म्हणजे सायकलवरून पडणे या एकाच प्रसंगासाठी ही वस्तू बनवलेली आणि तपासलेली आहे.

म्हणूनच उरल्याच्या कामगाराने ते पिवळे हेल्मेट हँडलवरून काढून डोक्यावर घातले तरी काम पुरते होणार नाही. कारखान्याचे हेल्मेट वरून पडणाऱ्या वस्तूसाठी असते. आतल्या पट्ट्यांवर ते टांगलेले असते, म्हणजे नट किंवा पान्हा डोक्यावर पडला तर धक्का पट्ट्यांत विभागला जातो. बाजूला किंवा कपाळाकडे त्यात फेस नसतो, आणि बहुतेकांना हनुवटीचा पट्टाच नसतो. सायकलवरून माणूस कडेवर किंवा तोंडघशी पडतो. त्यात हे हेल्मेट आधी उडून जाईल आणि डोके नंतर आपटेल. ज्या कामाची वस्तू त्याच कामाला वापरावी, हे आपल्याला शस्त्रागारात पहिल्या दिवशी शिकवतात. हेल्मेटलाही तोच नियम लागू आहे.

आता आपल्या पेशाशी संबंधित एक गोष्ट. डोक्याच्या या प्रश्नाचा पहिला मोठा अभ्यास फौजेसाठीच झाला होता. मे १९३५ मध्ये इंग्लंडमध्ये टी. ई. लॉरेन्स, म्हणजे 'लॉरेन्स ऑफ अरेबिया', मोटारसायकलवरून घरी चालले होते. समोर सायकलवर दोन मुले आली. त्यांना वाचवताना लॉरेन्स हँडलवरून फेकले गेले. डोक्यावर काही नव्हते. सहा दिवसांनी, १९ मे रोजी, ते गेले. त्यांना तपासायला बोलावलेल्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे सर्जन होते. हा मृत्यू त्यांच्या मनातून गेला नाही.

पुढे दुसरे महायुद्ध सुरू झाले. ब्रिटिश फौजेचे डिस्पॅच रायडर मोटारसायकलवरून निरोप पोहोचवत. ब्लॅकआऊटच्या अंधारात त्यांतले कितीतरी शत्रूच्या गोळीशिवायच मरू लागले. केर्न्स यांनी जखमींच्या नोंदी ठेवल्या आणि १९४१ मध्ये त्या छापल्या. हेल्मेट घातलेले रुग्ण त्यांना फक्त सात सापडले, पण ते सातही वाचले होते. सात हा आकडा लहान आहे, हे त्यांनाही माहीत होते. तरी त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये फौजेने आपल्या मोटारसायकलस्वारांना ड्यूटीवर हेल्मेट सक्तीचे केले. पाच वर्षांनी केर्न्स यांनी दुसरा लेख लिहून दाखवले, की त्यानंतर फौजेतले असे मृत्यू कमी होत गेले. सामान्य नागरिकांसाठी तोच कायदा ब्रिटनमध्ये यायला १९७३ उजाडले. फौज बत्तीस वर्षे पुढे होती. आपण फौजी शाळेतले विद्यार्थी आहोत आणि या बाबतीत मागे आहोत, हे मला पटत नाही.

कुणी म्हणेल, मोटारसायकलचे सोड, सायकलचे सांग. सांगतो. १९८९ मध्ये अमेरिकेतल्या सिॲटल शहरातल्या डॉक्टरांनी अपघात झालेल्या सायकलस्वारांची तुलना केली आणि हेल्मेटमुळे डोक्याच्या दुखापतीचा धोका ८५ टक्के कमी होतो असे लिहिले. हा आकडा जगभर पसरला. पण तो जरा जास्तच गोड होता. हेल्मेट घालणारा माणूस मुळात सावध असतो, सिग्नल पाळतो, दिवा लावतो. मग कमी दुखापतीचे श्रेय सगळे हेल्मेटला कसे द्यायचे? पुढच्या अभ्यासांत एवढा मोठा फायदा दिसला नाही, आणि २०१३ मध्ये अमेरिकेच्या सरकारी खात्यांनी हा आकडा सांगणे बंद केले. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी चाळीस अभ्यास आणि चौसष्ट हजारांहून जास्त जखमी सायकलस्वार एकत्र करून हिशेब केला. डोक्याच्या दुखापतीची शक्यता साधारण निम्मी, गंभीर दुखापतीची सुमारे ६९ टक्के कमी, चेहऱ्याच्या दुखापतीची सुमारे एक तृतीयांश कमी. मला ८५ पेक्षा हे आकडे जास्त आवडतात, कारण ते तपासून उतरलेले आहेत. आणि निम्मे म्हणजे थोडे नव्हे. परीक्षेत निम्मे गुण फुकट मिळत असतील तर सोडणारा कॅडेट मी अजून पाहिलेला नाही.

आता विरुद्ध बाजू. ती मांडली नाही तर माझे मत भाषणस्पर्धेतल्या पाठ केलेल्या भाषणासारखे होईल.

पहिला आक्षेप: ट्रकपुढे हेल्मेट काय करणार? खरे आहे. ताशी पन्नास किलोमीटरचा वेग म्हणजे जवळजवळ दहा मीटरवरून, तीन मजल्यांवरून पडण्याइतका. दीड मीटरची परीक्षा पास झालेले हेल्मेट त्याला पुरे पडणार नाही. चाकाखाली गेल्यावर तर कशाचाच उपयोग नाही. उरल्यासारख्या रस्त्यावर सायकलस्वाराला सर्वांत मोठी भीती हीच आहे. त्यासाठी मागे लाल परावर्तक, रात्री दिवा, रस्त्याला उजेड आणि सायकलींसाठी वेगळी पट्टी लागते. नेदरलँड्समध्ये लोक लाखोंनी सायकल चालवतात आणि हेल्मेट फार थोडे घालतात, कारण तिथे सायकलीला स्वतःचा रस्ता आहे. पण या आक्षेपाचा निष्कर्ष 'हेल्मेट नको' असा निघत नाही. 'फक्त हेल्मेट पुरेसे नाही' एवढाच निघतो. आणि सायकलवरून माणूस दर वेळी ट्रकमुळेच पडतो असेही नाही. वाळूवर चाक घसरते, कुत्रे आडवे येते, चेन उतरते, पावसात खड्डा दिसत नाही. ट्रकने कट मारल्यावरही पुष्कळदा माणूस ट्रकवर न आदळता रस्त्यावर पडतो. तेव्हा डोके त्याच दीड मीटरवरून खाली येते.

दुसरा आक्षेप जास्त शास्त्रीय आहे. डोके सरळ आपटले तर फेस कामाचा, पण तिरके आपटून गरकन फिरले तर? कवटी फिरते आणि आतला मेंदू मागे राहतो. १९४३ मध्ये होलबोर्न नावाच्या ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञाने जिलेटिनचा मेंदू बनवून हे दाखवले होते, आणि ते केर्न्स यांच्याच सोबत काम करत होते. वर सांगितलेल्या परीक्षांमध्ये हे फिरणे मोजत नाहीत. हा उणेपणा आहे. अलीकडे काही हेल्मेटमध्ये आत सरकणारा पातळ थर बसवतात, तो याच कारणासाठी. साध्या हेल्मेटचा गुळगुळीत गोल पृष्ठभागही रस्त्यावर अडकण्याऐवजी घसरतो, हे त्यातल्या त्यात बरे.

तिसरा आक्षेप मजेदार आहे. इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठातले इयन वॉकर २००६ मध्ये सायकलला अंतरमापक लावून स्वतः रस्त्यावर फिरले. हेल्मेट घातल्यावर गाड्या सरासरी साडेआठ सेंटीमीटर जास्त जवळून गेल्या. लांब केसांचा टोप घातल्यावर मात्र चालक दूरून गेले, कारण त्यांना वाटले की बाई चालली आहे. इतर संशोधकांनी तेच आकडे पुन्हा तपासून वेगळा अर्थ काढला आणि तो वाद चालू आहे. पण समजा वॉकर बरोबर आहेत, तर दोष हेल्मेटचा की चालकाचा? चालकाच्या चुकीची शिक्षा मी माझ्या डोक्याला का देऊ?

चौथा आक्षेप आपल्या लोकांचा आहे आणि तो शास्त्राचा नाही, मानाचा आहे. जानेवारी २०१९ मध्ये पुण्यात दुचाकीच्या हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चा निघाला, तेव्हा काही जण हेल्मेटऐवजी पुणेरी पगडी घालून आले होते. 'शिर सलामत तर पगडी पचास' ही म्हण त्यांनी लहानपणी नक्कीच ऐकली असेल, पण त्या दिवशी पगडी आधी आणि शिर नंतर असा क्रम झाला. पुणेकरांवर हसण्याआधी हेही ऐका. १९९१ मध्ये सायकल शर्यतींच्या जागतिक संघटनेने हेल्मेट सक्तीचे करायचे ठरवले, तेव्हा व्यावसायिक स्पर्धकांनी पॅरिस-नीस शर्यतीत संप केला आणि नियम मागे घेतला गेला. १९९५ च्या टूर द फ्रान्समध्ये इटलीचा फाबिओ कासार्तेली डोंगर उतरताना उघड्या डोक्याने पडला आणि मेला. तो ऑलिंपिक विजेता होता. तरीही नियम आला नाही. २००३ मध्ये त्याच पॅरिस-नीस शर्यतीत कझाकस्तानचा आंद्रेई किविलेव पडून मेला, तेव्हा कुठे हेल्मेट सक्तीचे झाले. जगातल्या सर्वांत कुशल सायकलस्वारांची ही कथा आहे. 'मला सायकल चांगली येते, मी पडत नाही' असे म्हणणाऱ्याने ती दोनदा वाचावी.

आपल्यात हा मान वेगळ्या रूपात येतो. हेल्मेट घातले की मित्र म्हणतात, 'घाबरलास का?' पण घोडेस्वारीच्या तासाला टोपीचा पट्टा बांधल्याशिवाय उस्ताद रकाबात पाय ठेवू देत नाहीत. बॉक्सिंगला हेडगार्ड, वेगवान गोलंदाजीला हेल्मेट. तिथे कुणी कुणाला भित्रा म्हणत नाही. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला सैनिक कापडी टोप्या घालून खंदकात उतरले होते. १९१५ मध्ये फ्रेंच आणि ब्रिटिश फौजांनी लोखंडी हेल्मेट आणले. त्यामुळे त्यांचे सैनिक कमी शूर झाले असे कोणत्याही इतिहासात लिहिलेले नाही. शौर्य म्हणजे गरज असेल तिथे धोका पत्करणे. भाजीबाजारापर्यंत सायकलवर जाताना डोके पणाला लावण्याची गरज कुणालाच नसते.

मग कायदा करावा का? इथे माझे मत जरा वेगळे आहे. आपल्या देशात मोटारसायकलस्वाराला हेल्मेट कायद्याने बंधनकारक आहे, सायकलस्वाराला नाही. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात १९९० मध्ये सायकलसाठी तसा कायदा झाला, पण त्यामुळे लोकांनी सायकल चालवणेच कमी केले का, हा वाद तिथे आजही मिटलेला नाही. उरल्यातल्या कामगाराला सायकल शौकासाठी नको असते. ऑटोचे भाडे वाचवायला हवी असते. त्याला चौकात अडवून दंड केला तर तो हेल्मेट घेणार नाही, त्याची एक दिवसाची मजुरी जाईल. त्याच्यासाठी दंडापेक्षा रस्ता, उजेड आणि परावर्तक आधी हवेत. ज्या कारखान्यांना आत हेल्मेट द्यावे लागते, त्यांनी सायकलवर येणाऱ्यांना सायकलचे हेल्मेटही दिले तर खर्च फार नाही. आमच्या छत्तीसगढमध्ये शाळकरी मुलींना सरकार सरस्वती सायकल योजनेतून सायकल देते. चांगली योजना आहे. त्या सायकलीसोबत एक हेल्मेट आणि मागचा लाल परावर्तक दिला तर ती आणखी चांगली होईल.

आपली गोष्ट मात्र वेगळी आहे. आपण हुकुमावर चालणारी मुले आहोत आणि आपल्याला दंड नको, एक स्टँडिंग ऑर्डर पुरेल. माझ्या तीन सूचना आहेत.

एक, आऊटिंगला किंवा सायकल मोहिमेला जाणाऱ्या प्रत्येक कॅडेटला हेल्मेट सक्तीचे असावे. प्रत्येकाने विकत घ्यायची गरज नाही. घोडेस्वारीच्या टोप्यांप्रमाणे प्रत्येक हाऊसने वेगवेगळ्या मापांची काही ठेवावीत आणि रजिस्टरवर सही करून द्यावीत.

दोन, ते घालायचे कसे हे एकदा फॉल-इनमध्ये दाखवावे. डोक्याच्या मागे ढकललेले हेल्मेट कपाळ वाचवत नाही. पुढची कड भुवयांच्या वर दोन बोटे असावी, बाजूचे पट्टे कानाखाली एकत्र यावेत, आणि हनुवटीखाली एक-दोन बोटांपेक्षा जास्त सैल नसावे. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट वरून चांगले दिसले तरी बाद करावे, कारण आतला फेस एकदा चेपला की पुन्हा फुगत नाही.

तीन, ही सूचना पालकांसाठी. काका-काकू, सायकल घेताना आपण गिअर, रंग आणि कॅरियर पाहता. त्याच दुकानात, त्याच दिवशी, त्याच बिलावर हेल्मेट घ्या. नंतर घेऊ म्हटले की ते राहूनच जाते. आणि मे महिन्यात रायपूरला पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा 'फार उकडते' ही तक्रार येईलच. त्यासाठी भोके जास्त असलेले घ्या, पण घ्या.

डॉर्मिटरीतल्या त्या मित्राला माझे उत्तर एवढेच आहे. हेल्मेट पडू देत नाही असे कुणी म्हटलेले नाही. ट्रकपासून ते वाचवेल असेही नाही. पण पडल्यावर डोके आणि रस्ता यांच्यामध्ये दोन सेंटीमीटर जागा ते ठेवते. त्या दोन सेंटीमीटरसाठी थर्माकोल फुटला तर फुटू दे. तो बाजारात पुन्हा मिळतो. डोके मिळत नाही.

जय हिंद.